झेंडा प्रेक्षकाच्या हाती: ध्वजप्रतीकांवरील सहभागी मांडणशिल्पे

राष्ट्रध्वजाचा अर्थ त्याच्या रंगांपेक्षा त्याला हाताळण्याच्या नियमांत अधिक साठलेला असतो. तो कोणत्या बाजूला लावायचा, कधी उतरवायचा, घडी कशी घालायची, फाटला तर त्याचे काय करायचे, याची उत्तरे बहुतेक देशांनी लिहून ठेवली आहेत. भारतीय ध्वजसंहिता आणि अमेरिकी ध्वजसंहिता या दोन्हींमध्ये जीर्ण झालेला ध्वज सन्मानपूर्वक नष्ट करावा, शक्यतो जाळून, असे सांगितले आहे. तोच ध्वज निदर्शनात भर चौकात पेटवला की तो अवमान ठरतो. आग तीच, कापडही तेच. बदलतो तो जाळणारा माणूस, जागा आणि हेतू. ध्वजाशी संबंधित कोणतीही कृती करणाऱ्याला आपण कोण आहोत, हे त्या कृतीतून सांगावेच लागते. समकालीन कलेत प्रेक्षकाला हात लावायला, पाऊल टाकायला, लिहायला किंवा शिवायला बोलावणारी जी मांडणशिल्पे आहेत, त्यांना ध्वज हा विषय पुन्हा पुन्हा खुणावत राहिला, त्याचे कारण हेच आहे.

सहभागी मांडणशिल्पात कलावंत वस्तू मांडतो, परिस्थिती रचतो आणि पुढचा भाग प्रेक्षकावर सोडतो. प्रेक्षकाने काहीच केले नाही तरी ते त्याचे उत्तर धरले जाते. ध्वजवंदन, संचलन, प्रभातफेरी हेही सामूहिक सहभागाचेच प्रकार आहेत. पण तिथे प्रत्येकाने काय करायचे ते आधी ठरलेले असते. कलाकृतीत ते ठरलेले नसावे, अशी अपेक्षा असते. या अपेक्षेला कोणती कृती किती उतरते, हाच या साऱ्या परंपरेकडे पाहण्याचा खरा निकष आहे.

या वाटेची सुरुवात एका चित्रापासून सांगितली जाते. अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलेल्या जॅस्पर जॉन्स या तरुण चित्रकाराने १९५४-५५ मध्ये ‘फ्लॅग’ हे चित्र केले. वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवर वितळलेल्या मेणातून रंग चढवून त्याने तेव्हाच्या अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा अमेरिकी ध्वज जसाच्या तसा चित्रभर आणला. हे ध्वजाचे चित्र आहे की प्रत्यक्ष ध्वज, हा प्रश्न बघणाऱ्यापुढे उभा राहिला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टलाही १९५८ मध्ये ते विकत घेताना लोक याला देशद्रोही म्हणतील अशी धास्ती वाटली. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी ते घेतले आणि पुढे १९७३ मध्ये संग्रहालयाला दिले. इथे प्रेक्षक अजून फक्त पाहतो आहे. पण आपण कशाकडे पाहतो आहोत हे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली आहे.

प्रेक्षकाच्या अंगाला कापड प्रथम भिडले ते ब्राझीलमध्ये. एलिओ ओइटिसिका या रिओच्या कलावंताने १९६४ पासून ‘पारांगोले’ नावाची मालिका केली. ती कापडाचे थर, प्लास्टिक, गोणपाट यांची होती. काही अंगावर घ्यायच्या झुली होत्या, काही मिरवायच्या पताका आणि झेंडे. भिंतीवर टांगले तर त्यात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. कोणीतरी ते अंगावर चढवून नाचले की काम पुरे होते. १९६५ मध्ये रिओच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनाला ओइटिसिका मांगेइरा वस्तीतील सांबा नर्तकांसह पोहोचला, तेव्हा त्यांना आत येऊ दिले नाही. ते बाहेर नाचले. ब्राझीलमध्ये आदल्या वर्षीच लष्करी सत्ता आली होती. १९६८ मध्ये काही कलावंतांनी रिओच्या जनराल ओझोरिओ चौकात स्वतः छापलेले झेंडे उघड्यावर मांडले. राज्याच्या ध्वजाला कोणी हात लावला नाही, पण ध्वजाचा आकार लोकांच्या हाती आला.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात हा प्रश्न थेट कोर्टात गेला. ध्वजाच्या कापडापासून शिल्पे करणाऱ्या एका कलावंताचे प्रदर्शन भरवले म्हणून न्यूयॉर्कमधील दालनमालक स्टीफन रॅडिच यांच्यावर खटला झाला होता. त्याचा निषेध म्हणून नोव्हेंबर १९७० मध्ये जडसन मेमोरियल चर्चमध्ये ‘पीपल्स फ्लॅग शो’ भरला. निवड समिती नव्हती. कोणीही ध्वजावर केलेले काहीही आणावे, असे खुले आवाहन होते. नृत्यकार इव्हॉन रेनर यांच्या गटाने अंगावर फक्त ध्वज बांधून नृत्य केले. पोलिसांनी फेथ रिंगगोल्ड, जॉन हेंड्रिक्स आणि ज्याँ तोश या संयोजकांना अटक केली. तिघे ध्वजाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. सहभागी कलेतली एक अडचण तिथे प्रथमच ठळक दिसली: काम सर्वांचे असते, पण शिक्षा नाव असलेल्यांनाच होते.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले आणि आजही सर्वांत नेमके वाटणारे काम एका विद्यार्थ्याचे आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरले होते. त्यात ड्रेड स्कॉट या तरुणाने ‘अमेरिकी ध्वज मांडण्याची योग्य रीत कोणती?’ असे शीर्षक असलेली मांडणी केली. भिंतीवर दोन छायाचित्रांची जोडणी होती. एकात ध्वज जाळणारे दक्षिण कोरियाचे विद्यार्थी, दुसऱ्यात ध्वजात गुंडाळलेल्या शवपेट्यांची रांग. त्याखाली एक फळी, फळीवर कोरी वही आणि पेन. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाने त्या वहीत लिहायचे. आणि फळीच्या पुढे, वहीपाशी जाणारा माणूस साहजिकच उभा राहील अशा जागी, जमिनीवर अमेरिकी ध्वज पसरलेला.

रचनेत जबरदस्ती कुठेच नव्हती. बाजूला उभे राहून, थोडे वाकून ध्वजाला पाय न लावताही लिहिता येत होते. ध्वजावर पाऊल टाका असे कुठेही लिहिलेले नव्हते. पण एकदा वहीत लिहायचे ठरवले, की पाय कुठे ठेवायचा हेही ठरवावेच लागे. काहींनी बेधडक ध्वजावर उभे राहून लिहिले, काहींनी तिरके होऊन. काही माजी सैनिक आले, त्यांनी ध्वज उचलला, रीतसर घडी घातली आणि फळीवर ठेवला. थोड्या वेळाने तो पुन्हा पसरला जाई. हे सैनिक कलाकृती बिघडवत होते असे त्यांना वाटत असेल, पण शीर्षकातल्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर त्यांनीच दिले. वहीत शिव्या होत्या, धमक्या होत्या, आभारही होते, आणि परस्परांच्या नोंदींना दिलेली लांबलचक उत्तरे होती. एरवी एकमेकांशी कधीच न बोलणारी माणसे त्या पानांवर भांडली. स्कॉटच्या कामाचे मोल ठरवायचे तर या पानांवरून ठरवावे लागते.

पुढचे सगळे दालनाबाहेर घडले. शाळेसमोर निदर्शने झाली, बॉम्बच्या धमक्या आल्या. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी हे काम लज्जास्पद असल्याचे म्हटले. इलिनॉय राज्याने शाळेचे अनुदान नावापुरते एका डॉलरवर आणले. त्याच वर्षी २१ जूनला ‘टेक्सस विरुद्ध जॉन्सन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की ध्वज जाळणे हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे. संसदेने उत्तरादाखल ध्वजसंरक्षणाचा नवा कायदा केला. ३० ऑक्टोबरला स्कॉट आणि अन्य काही जणांनी वॉशिंग्टनमध्ये संसदभवनाच्या पायऱ्यांवर ध्वज जाळून त्या कायद्याला आव्हान दिले. जून १९९० मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध आयकमन’ या निकालाने तोही कायदा रद्द झाला. एका विद्यार्थ्याच्या मांडणीतून उसळलेला वाद दीड वर्षाच्या आत देशाच्या कायद्याच्या मुळापर्यंत पोहोचला, असे उदाहरण कलेच्या इतिहासात विरळाच.

न्यूझीलंडमध्ये १९९५ साली या कामाचे एक वेगळे भावंड उभे राहिले. माओरी कलावंत डायान प्रिन्स यांनी ऑकलंड आर्ट गॅलरीच्या नव्या माओरी कलेच्या प्रदर्शनात न्यूझीलंडचा ध्वज जमिनीवर ठेवला आणि त्यावर ‘कृपया माझ्यावरून चाला’ अशा अर्थाची अक्षरे छापली. काळ महत्त्वाचा आहे. ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या वायटांगी तहाखालील माओरींच्या सगळ्या दाव्यांची बोळवण एक अब्ज डॉलरच्या मर्यादेत करावी, असा प्रस्ताव सरकारने १९९४ च्या अखेरीस मांडला होता आणि माओरी समाज संतापला होता. ध्वजांविषयीच्या १९८१ च्या कायद्याखाली खटल्याचे सावट आल्यावर प्रिन्स यांनी काम मागे घेतले. २०२४ मध्ये नेल्सन शहरातल्या सूटर आर्ट गॅलरीने ते पुन्हा मांडले, तेव्हा पुन्हा तक्रारी झाल्या आणि प्रदर्शन सुरू असतानाच गॅलरीने ते काढले. विरोध करणाऱ्यांत दुसऱ्या महायुद्धातील माओरी बटालियनच्या सैनिकाची नातही होती. ध्वजाखाली जमीन गमावलेले आणि त्याच ध्वजाखाली लढून मेलेले, हे एकाच समाजाचे, कधी एकाच घरातले लोक होते. शिकागोच्या मांडणीत प्रश्न होता. ऑकलंडच्या मांडणीत आज्ञा होती. त्यामुळे प्रेक्षकासाठी मोकळी राहिलेली जागा कमी होती, ही तिची मर्यादा म्हणावी लागते. पण तिच्यामागची वेदना खरी होती, आणि तीस वर्षांनीही तो ध्वज कोणाला जमिनीवर सहन झाला नाही, यातून ती वेदना अजून मिटलेली नाही हेही कळते.

पायाऐवजी बोटांना काम दिले की सहभागाचे स्वरूपच बदलते. व्हर्जिनियात काम केलेल्या सोन्या क्लार्क या आफ्रिकन-अमेरिकन वस्त्रकलावंताने २०१५ मध्ये, अमेरिकी यादवी युद्ध संपल्याला दीडशे वर्षे होत असताना, ‘अनरॅव्हलिंग’ हे काम सुरू केले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा रणध्वज भिंतीवर टांगलेला. प्रेक्षकांनी एकेकाने पुढे यायचे, क्लार्कच्या शेजारी उभे राहायचे आणि तिच्याबरोबर त्या ध्वजाचा धागा धागा उसवायचा. कातरी नाही, आग नाही, घोषणा नाहीत. घट्ट विणलेल्या कापडातून आडवा धागा उभ्या धाग्यांच्या मधून अलगद सोडवून घ्यायला किती वेळ लागतो, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. नखाने टोक उचलायचे, ओढताना धागा तुटू द्यायचा नाही, पुन्हा पुढचे टोक शोधायचे. तासन्‌तास खपून इंच-दोन इंच कापड मोकळे होते. शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांना तेवढा वेळ एकमेकांशी बोलावेच लागते. वंशद्वेष संपवण्याचे काम किती संथ आणि किती चिवट आहे, हे सांगणारी भाषणे पुष्कळ झाली. इथे ते बोटांना कळते. त्याच वर्षी जूनमध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, आणि त्या धक्क्यानंतर जुलैमध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो रणध्वज उतरवला गेला. क्लार्कचा ध्वज मात्र अजून बराचसा शाबूत होता.

२०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फॅब्रिक वर्कशॉप अँड म्युझियममध्ये क्लार्कने याची दुसरी बाजू मांडली. एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेच्या सैन्याने शरणागतीच्या वेळी पांढरा झेंडा म्हणून दाखवलेले कापड म्हणजे भांडी पुसायचा साधा पंचा होता, कडेला लाल रेघा असलेला. त्याचा तुकडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण रणध्वज जगभर ओळखला जातो आणि हा पंचा कोणालाच ठाऊक नाही. क्लार्कने त्याची पंधरा फूट बाय तीस फुटांची प्रतिकृती विणून घेतली, शंभर लहान प्रतिकृती मांडल्या, आणि दालनात माग ठेवले. येणाऱ्यांनी त्यावर बसून तो पंचा विणायचा. एक ध्वज उसवायचा आणि दुसरा विणायचा, अशा या जोडकामांना ध्वजकलेच्या इतिहासात वरचे स्थान द्यायला हवे. ती प्रेक्षकाला चिथावत नाहीत, कामाला लावतात.

मेल झीग्लर यांचे ‘फ्लॅग एक्स्चेंज’ याच मार्गाने, पण दालनाबाहेर गेले. २०११ पासून काही वर्षे त्यांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत फिरून घरांवर, दुकानांवर, पेट्रोलपंपांवर फडकणारे जीर्ण ध्वज शोधले, मालकाला नवा कोरा ध्वज दिला आणि बदल्यात जुना घेतला. उन्हाने विटलेले, वाऱ्याने चिंध्या झालेले ते पन्नास ध्वज पुढे एकत्र टांगले गेले. देणाऱ्याला तो अपमान वाटला नाही, कारण त्याच्या दारात ध्वज राहिलाच. तरी दालनात त्या चिंध्या पाहताना देशाच्या कानाकोपऱ्यातले ऊन-वारे दिसतात.

एकाच ध्वजाशी झगडण्याऐवजी सगळ्यांना एकत्र आणणारी कामेही आहेत. जपानच्या युकिनोरी यानागी यांनी १९९० पासून ‘वर्ल्ड फ्लॅग अँट फार्म’ ही मालिका केली. पारदर्शक पेट्यांत रंगीत वाळूने देशोदेशींचे ध्वज भरायचे, पेट्या नळ्यांनी जोडायच्या आणि आत मुंग्या सोडायच्या. मुंग्या बोगदे खणतात, एका देशाची वाळू दुसऱ्यात नेतात, आणि सगळ्या ध्वजांच्या रेषा हळूहळू ढासळतात. लंडनच्या टेट संग्रहात यातले ‘पॅसिफिक’ हे १९९६ चे काम आहे. त्यात एकोणपन्नास ध्वज आहेत. सहभाग माणसाचा नसून मुंग्यांचा आहे, आणि प्रेक्षक साक्षीदार होतो. मैसूरच्या एन. एस. हर्षा यांच्या २००७ च्या ‘नेशन्स’मध्ये तेव्हाच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९२ सदस्य देशांचे रंगवलेले ध्वज तितक्याच पायमशिनींवर चढवलेले होते आणि साऱ्यांचे दोरे एकमेकांत गुंतलेले होते. मशिनी बंद होत्या. पण पायमशीन पाहिली की ती चालवणारे पाय आठवतात, आणि ध्वजामागचे मजुरीचे जग आपोआप उभे राहते.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचे काम या विषयाच्या अगदी जवळचे आहे, जरी त्यांनी प्रत्यक्ष ध्वज क्वचितच वापरला. २००५-०६ च्या ‘देअर इज नो बॉर्डर हिअर’मध्ये पिवळ्या चिकटपट्टीने भिंतीवर ध्वजाचा आकार केला आहे आणि तो आकार अक्षरांच्या ओळींनीच भरला आहे, आभाळाची वाटणी करू पाहणाऱ्याची कासाविशी त्यात आहे. ‘हंड्रेड हँड-ड्रॉन मॅप्स ऑफ माय कंट्री’साठी त्यांनी शंभर जणांना आठवणीतून देशाचा नकाशा काढायला सांगितले. प्रत्येकाला देश ठाऊक होता आणि कोणाचीही रेषा दुसऱ्याशी जुळली नाही. ‘थ्रेट’ या २००८-०९ च्या कामात धमकी हा शब्द कोरलेल्या साबणाच्या वड्यांची भिंत रचली आणि प्रेक्षकांनी एकेक वडी घरी न्यावी असे ठेवले. भिंत लोकांच्या हातून विरघळत गेली. नकाशा, सीमा आणि ध्वज ही एकाच घराण्यातली प्रतीके आहेत. गुप्ता यांनी त्यातली पहिली दोन लोकांच्या हाती दिली आणि तिसऱ्याचा फक्त आकार ठेवला.

यामागे कलावंताची दृष्टी आहे, पण भारतातली कायद्याची चौकटही ध्यानात घ्यावी लागते. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ नुसार सार्वजनिक जागी ध्वज जाळणे, विद्रूप करणे, तुडवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वजावर काही लिहिणे आणि तो मुद्दाम जमिनीला लागू देणे हेही अवमानात मोडते. शिकागोची मांडणी इथे करता येणार नाही. दुसरीकडे, सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज फडकवण्याची मोकळीक २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या संहितेने दिली, आणि २००४ मध्ये नवीन जिंदाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. म्हणजे भारतीय नागरिकाचा ध्वजाशी हाताने जुळलेला संबंध तसा नवा आहे. त्याविषयी सहभागी कलेने अजून बोलायचे पुष्कळ बाकी आहे: कोण शिवतो, कोण विकतो, सोळा ऑगस्टला रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे कोण वेचतो. यातल्या कशालाही कायदा आड येत नाही.

नवे ध्वज घडवणे हा या परंपरेचा आणखी एक प्रवाह. डेव्हिड हॅमन्स यांनी १९९० मध्ये अमेरिकी ध्वजाची रचना ठेवून त्यात कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्व्ही यांच्या चळवळीचे लाल, काळा, हिरवा हे रंग भरले. २०१६ च्या ऑलिंपिकमधील निर्वासितांच्या संघासाठी सीरियन कलावंत यारा सईद यांनी जीवरक्षक जॅकेटचे केशरी आणि काळा रंग घेऊन ध्वज केला. १० जून २०१८ रोजी ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त ‘प्रोसेशन्स’ या उपक्रमात बेलफास्ट, कार्डिफ, एडिंबरा आणि लंडनच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया हिरव्या, पांढऱ्या, जांभळ्या वस्त्रांत चालल्या; त्यांच्या हातातले फलक शंभर स्त्री-कलावंतांनी वस्त्यावस्त्यांतल्या बायकांबरोबर बसून शिवले होते. २०१७ मध्ये क्रिएटिव्ह टाइम या न्यूयॉर्कच्या संस्थेने सोळा कलावंतांचे ध्वज देशातल्या अनेक ठिकाणी फडकवले. त्यातला जोसेफीन मेक्सेपर यांचा ध्वज २०१८ च्या जुलैत कॅन्सस विद्यापीठाच्या खांबावरून राज्यपालांच्या आक्षेपानंतर उतरवून संग्रहालयात हलवावा लागला. दालनात चाललेले कापड खांबावर चालले नाही.

सहभागाचे निमंत्रण फसले कसे, याचे मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. मार्च २०२१ मध्ये टास्मानियातील डार्क मोफो महोत्सवाने स्पॅनिश कलावंत सांतियागो सिएरा यांच्यासाठी आवाहन केले: ब्रिटिश साम्राज्याने ज्यांच्या भूमी बळकावल्या अशा मूलनिवासींनी रक्त द्यावे, त्यात ब्रिटनचा ध्वज भिजवला जाईल. मूलनिवासी कलावंतांनी संतापून विचारले, आमचे रक्त आधीच पुरेसे सांडले नाही का? काही दिवसांत काम रद्द झाले आणि महोत्सवामागच्या मंडळींनी माफी मागितली. वसाहतवादावर टीका करण्याचा हेतू होता, हे मान्य केले तरी इथे सहभागी होणाऱ्याकडे निर्णय काहीच नव्हता. त्याने फक्त शरीर पुरवायचे आणि अर्थ दुसऱ्याने काढायचा. तो नकार योग्यच होता.

ही कामे जतन कशी करायची, हा संग्रहालयांपुढचा चालू प्रश्न आहे. स्कॉटच्या मांडणीत ध्वज बाजारातून आणता येतो, छायाचित्रे पुन्हा छापता येतात. पण प्रत्येक नव्या मांडणीत कोरी वही ठेवावी लागते आणि जुन्या भरलेल्या वह्या कागदपत्र म्हणून सांभाळाव्या लागतात. पारांगोलेची मूळ वस्त्रे आता इतकी नाजूक आहेत की प्रदर्शनांत अंगावर घ्यायला प्रती द्याव्या लागतात. क्लार्कने एक रणध्वज पूर्ण उसवून त्याच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या दोऱ्यांचे तीन ढीग ‘अनरॅव्हल्ड’ नावाने वेगळे काम म्हणून मांडले. दुसरा अर्धवट उसवलेला आहे. तो जिथे मांडला जातो तिथे पुन्हा नवे लोक बोलावले जातात, आणि जितके लोक येतील तितका तो कमी होतो.